मदत हवी आहे: क्लचच्या कामात फ्लायव्हीलही बदलावं लागतं का?

राजेहो, वॅगन आर पेट्रोल, २०१४ ची, ८५ हजार किलोमीटर झाले. मुक्काम दारव्ह्याजवळचं गाव. चढावर इंजिनचा आवाज वाढते, पण गाडी ओढत नाही, जळका वास येते. हँडब्रेक लावून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहिला. इंजिन लगेच बंद पडायला हवं होतं, पडलं नाही. म्हणजे क्लच घसरते, यात शंका नाही.

तालुक्याच्या मेकॅनिकनं तोंडी १६ हजार सांगितले: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, वरून फ्लायव्हील (इंजिनची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) आणि इंजिन माउंटिंग. लेखी मागितलं, तर म्हणे "खोलल्यावर समजंल". गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच दिसत नाही, हे मान्य. पण मग फ्लायव्हील खराब आहे हे आधीच कसं ठरलं? हेच मला खटकते. क्लच केबलचं ॲडजस्टमेंट करून झालं, फरक नाही.

यवतमाळचं कंपनीचं सर्व्हिस सेंटर चाळीसेक किलोमीटर आहे, अशा क्लचवर तिथवर नेण्याची हिंमत होत नाही. आईच्या दवाखान्यासाठी गाडी लागतेच, त्यामुळे जास्त दिवस उभी ठेवता येत नाही. जुने पार्ट परत मागणार आहे, नवीन डब्यावरची एमआरपीही पाहणार आहे.

जाणकारांनी एवढंच सांगा: गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हीलवर नेमकं काय दिसलं तर ते बदलायचं, आणि काय असलं तर नुसतं लेथवर घासून चालते? आणि क्लच सेट मी स्वतः आणून दिला, तर या कामाची नुसती मजुरी आपल्याकडे किती घेतात?