'हंटिंग'ला मराठी शब्द कोणता?

प्रश्न: डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा अहवाल मराठीत लिहितोय. आर्डुइनो ऊनो, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) आणि एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून हीटरचा पीआयडी कंट्रोलर केलाय, म्हणजे त्रुटी बघून पॉवर कमी-जास्त करणारा. सेट पॉइंट (हवं असलेलं तापमान) १५० अंश, पण तापमान १४२ ते १५८ असं फिरत राहतं. सर म्हणतात, "हंटिंग होतंय." अहवालात काय लिहू?

– 'दोलन' लिहा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हाच शब्द आहे.

– दोलन चूक नाही, पण मी 'हेलकावे' लिहीन. सेट पॉइंटच्या आजूबाजूला न थांबता वरखाली होत राहणं त्यात बरोबर येतं. मात्र आधी लक्षण नक्की करा, कारण वर्कशॉपमध्ये सगळ्यालाच हंटिंग म्हणतात. चालू केल्यावर एकदाच १५८ ला जाऊन मग १५० वर बसलं, तर ती 'उसळी', म्हणजे ओव्हरशूट. १४६ वर जाऊन तिथेच अडकलं, तर 'तूट'. नुसत्या पी वर (त्रुटीच्या प्रमाणात पॉवर देणारा भाग) चालवलं की तूट राहते, ती आय (त्रुटीची बेरीज करणारा भाग) भरून काढतो. हेलकावे असतील तर उलट पी किंवा आय कमी करावा लागतो. १९४२ च्या झिग्लर-निकोल्स पद्धतीत तर हेलकावे मुद्दाम आणतात. ज्या पी वर ते एकसारखे टिकतात, त्याच्या ०.६ पट पी धरतात.

– 'वाइंडअप'ला काय म्हणाल?

– 'तुंबणे'. हीटर आधीच १०० टक्क्यांवर आहे, तरी आय त्रुटीची बेरीज करतच राहतो. ती बेरीज तुंबते आणि सेट पॉइंट ओलांडल्यावरही हीटर बंद होऊ देत नाही. आउटपुट टोकाला असताना बेरीज थांबवली की उसळी बरीच कमी होते.

प्रश्नकर्ता: मग माझे हेलकावेच. पण पी, आय दोन्ही कमी करून पाहिले, फरक नाही. एसएसआर अ‍ॅनालॉगराइटने चालवतो.

– मग ट्यूनिंग सोडा, दोष तिथे आहे. अ‍ॅनालॉगराइट देतो तो ऊनोचा पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारा सिग्नल) साधारण ४९० हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन जेमतेम २ मिलिसेकंदांचं. झिरो-क्रॉसिंग एसएसआर, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जातानाच बदलणारा, ५० हर्ट्झच्या मेनवर (घरगुती वीजपुरवठ्यावर) दर १० मिलिसेकंदांनीच चालू-बंद होऊ शकतो. तुम्ही ३० टक्के मागता, हीटरला भलतंच मिळतं. २ सेकंदांची खिडकी धरा: ३० टक्क्यांना ०.६ सेकंद चालू, १.४ सेकंद बंद. यालाच मी 'कालप्रमाण नियंत्रण' लिहितो.

– आणखी एक शब्द यादीत हवा: 'सुटणे'. तापमान सेट पॉइंट ओलांडून चढतच गेलं, तर हेलकावे म्हणून वाट बघू नका, आधी मेन बंद करा. एसएसआर खराब होताना बहुधा शॉर्ट होतो, मग प्रोग्रॅम काहीही सांगो, हीटर चालूच. थर्मोकपल उलटं लागलं तरी तेच: हीटर तापतो, आकडा उतरतो, कंट्रोलर आणखी पॉवर देतो. अमेरिकन रंगसंकेतात थर्मोकपलची लाल वायर ऋण असते. आपल्याकडे सवयीने ती प्लसला लावली जाते. हीटरच्या लाइनमध्ये वेगळा थर्मल कटऑफ (जास्त तापलं की वीज तोडणारा) टाकाच.