अनुभव धागा : अडखळण्याची खरी जागा

पन्नाशी जवळ आल्यावर मी पेटी शिकू लागलो. पलटे, म्हणजे सुरांचे सरावाचे क्रम, वाजवताना माझी लय हमखास तुटत असे आणि त्याचा दोष मी बोटांना देत असे. चौथ्या महिन्यात गुरुजींनी माझ्या उजव्या हाताकडे पाहणे सोडून डाव्या हाताकडे पाहिले, तेव्हा मी भाता अर्ध्यावरच सोडत असल्यामुळे सूर मध्येच दबतो आणि त्याला सावरताना बोटे थबकतात, हे लक्षात आले. तीस जणांच्या वर्गात हे कोणाला दिसले नसते. शालेय विषयांची किंवा संगीताची खासगी शिकवणी घेणाऱ्यांनी, देणाऱ्यांनी आणि पालकांनी अशी जागा कशी सापडली, किंवा सापडलीच नाही, ते येथे लिहावे. शिक्षकांची व क्लासची नावे कृपया टाळावीत.

सांगली, निवृत्त गणित शिक्षिका
दहावीचा एक मुलगा ‘वर्गसमीकरणे येत नाहीत’ म्हणून माझ्याकडे आला. पाठ्यपुस्तकातील सूत्र त्याला तोंडपाठ होते. मी त्याला गुणाकार वजा 24 आणि बेरीज 2 येईल अशा दोन संख्या विचारल्या, तर 6 आणि 4 हे त्याने लगेच सांगितले. मात्र वजा चिन्ह कोणाला द्यायचे हे त्याला ठरवता येईना. म्हणजे गाडी दहावीत नव्हे, सहावी-सातवीतील पूर्णांक संख्यांवर अडली होती. आम्ही पंधरा दिवस संख्यारेषेवर घालवले. दहावीच्या वर्षात सहावीची उजळणी कशाला, म्हणून त्याचे वडील नाराज होते, आणि बीजगणिताच्या 40 गुणांची पत्रिका डोळ्यांसमोर असताना त्यांची काळजी मला चुकीची वाटली नाही. तरीही मी पुढे गेले नाही, कारण त्या वेळी शिकवलेले सूत्र केवळ पाठांतरात भर घालणारे ठरले असते.

ठाणे, गाणे शिकणारी गृहिणी, वय 56
‘तुझा आवाज वर जात नाही’ हे मी शाळेपासून ऐकत आले होते. बाईंनी पहिल्याच दिवशी माझा षड्ज, म्हणजे माझ्या गळ्याला सोयीचा ‘सा’, शोधला. मी आजवर काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ मानून, गात होते, तिथे तार षड्जापाशी, म्हणजे वरच्या ‘सा’पाशी, माझा गळा आवळत असे. त्यांनी मला पांढरी चारमध्ये उतरवले. दुसरी गोष्ट मला अधिक कठीण गेली. त्यांनी पेटी बंद करून फक्त तानपुरा सुरू ठेवला, तेव्हा इतकी वर्षे मी पेटीच्या सुरामागोमाग चालत होते आणि स्वतः सूर लावतच नव्हते, हे उघडे पडले. यमन रागातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, आधाराविना लावायला मला दोन महिने लागले. आता संगीताची ‘प्रवेशिका’ ही परीक्षा द्यावी का, असे बाई विचारतात. मी अजून होकार दिलेला नाही.

पुणे, तबलावादक, ऑनलाइन शिकवणी
अमेरिकेतील एका दहा वर्षांच्या मुलाला मी शिकवतो. आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे आम्हाला एकत्र वाजवता येत नाही, म्हणून लेहरा, म्हणजे तालासाठी सतत वाजणारी धून, त्याच्या खोलीत वाजतो आणि मी फक्त ऐकतो. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेनंतर त्याची लय पुढे धावत असे. मी त्याला तबला बाजूला ठेवून हाताने टाळी-खाली धरायला सांगितले, तेव्हा तो ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देता मोजायची नववी मात्रा चक्क गिळतो, हे समजले. टाळी वाजली नाही की ती मात्रा त्याच्या लेखी झालेलीच नसते.

नांदेड, पदवीचा विद्यार्थी
दुसरीतील मुलगी ‘सत्तावीस’ ऐकून 72 लिहीत असे. मराठीत एकक आधी बोलले जाते, त्यामुळे तिने ऐकलेल्या क्रमानेच लिहिले, यात तिचे काय चुकले? 2019 मध्ये बालभारतीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मीही त्या पद्धतीची थट्टा केली होती. या मुलीला मी आधी ‘वीस सात’ म्हणायला लावले आणि मगच सत्तावीसकडे नेले.

नाशिक, पालक
आमचा अनुभव चांगला नाही. संगीताच्या परीक्षा दिल्यावर दहावीत मिळणारे वाढीव गुण मिळावेत म्हणून मुलीला गाण्याची शिकवणी लावली. त्या परीक्षेत येणारे राग आणि त्यांचे ठरलेले आलाप शिक्षकांनी वहीत लिहून दिले आणि तिने ते पाठ केले. गुण मिळाले. त्यानंतर आमची पेटी एकदाही उघडली गेलेली नाही, आणि तिला गाणे नकोसे नेमके कुठे झाले, हे मी तिला अजून विचारलेले नाही.