मदत हवी आहे : समुद्रकाठच्या पदपथाबाबत सर्वांचे म्हणणे कसे नोंदवावे?

समुद्रकाठच्या सार्वजनिक पदपथाच्या नूतनीकरणाचा आराखडा पक्का होण्यापूर्वी नागरिकांच्या सूचना एकत्र करण्याचे काम आमच्या समितीकडे आले आहे. खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे काँक्रीटमधील सळया गंजल्या असल्याने दुरुस्ती टाळता येणार नाही, आणि समुद्राच्या बाजूला रुंदीही वाढवता येणार नाही. एक जाहीर सभा व छापील प्रश्नावली झाली. परंतु प्रतिसाद बहुतांशी सकाळी फिरायला येणाऱ्यांचाच मिळाला, आणि चाकाची खुर्ची वापरणारे किंवा मच्छीमार जवळपास आलेच नाहीत. उतार १:१२ पेक्षा (म्हणजे बारा फूट लांबीमागे एक फूट चढ) तीव्र नसावा, यावर एकमत आहे. दिव्यांवर मात्र नाही : काहींना सुरक्षिततेसाठी लख्ख पांढरा प्रकाश हवा आहे, तर काहींना, अशा प्रकाशाने कासवांची पिल्ले भरकटतात म्हणून, खाली झुकलेले मंद पिवळसर दिवे हवे आहेत, मला दुसरी बाजू पटते, तरी रात्री एकट्या चालणाऱ्या स्त्रियांची भीती डावलणे योग्य वाटत नाही. जे सभेला येत नाहीत त्यांच्यासोबत पदपथावरच फेरी काढून नोंदी घेण्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि अशा मोजक्या नोंदींना प्रश्नावलीतील बहुमताच्या तुलनेत किती वजन द्यावे?