मदत हवी आहे: पायलट ट्रेनिंगसाठी बेळगाव की जळगाव? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

आठवी_गल्ली
सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स करायचंय. बेळगाव आणि जळगाव असे दोन पर्याय समोर आहेत, फी दोन्हीकडं जवळपास सारखीच सांगतायत. पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडं फाइल आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाच लाख भरून सीट पक्की करा, नाहीतर थेट पुढची बॅच, असं त्यांनी सांगितलंय. बाबा आज सकाळीच आरटीजीएसचा फॉर्म भरायला निघाले होते, मी कसंबसं थांबवलं. बेळगाव जवळ म्हणून आईचा कल तिकडं आहे. दोन्हीपैकी कुठं कुणी शिकलंय का? नेमकं सांगा, मोठी स्वप्नं बघ वगैरे नको. खरंच वेळ नाही.

पंचगंगाकाठ
भावा, बेळगाव म्हणजे कुठली संस्था? सांबऱ्याला, म्हणजे तिथल्या विमानतळावर, एकच नाही. विमानतळ प्राधिकरणानं २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी या पाच ठिकाणी नव्या संस्थांना जागा दिल्या, त्यात बेळगावात दोन होत्या. गावाचं नाव सांगून काय कळणार? आणि मेडिकल झालंय का?

फ्लोरिडा_रिटर्न
दोन्ही सोड, अमेरिकेला जा. मी तिथं शिकलोय. हवा चांगली, विमानं भरपूर, रोज उड्डाण. इथं सीपीएलला लागणाऱ्या २०० तासांच्या उड्डाणाला दोन-अडीच वर्षं घालवणारी पोरं मी बघितली आहेत.

लॉगबुक
आणि परत आल्यावर? लायसन्स कन्व्हर्ट करायला इथले पेपर द्यावेच लागतात, मेडिकल लागतं, रेडिओची परीक्षा लागते, शिवाय इथं चेक फ्लाइट. तो खर्च आणि ते महिनेही सांगा की. मी १४ वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. बाहेरून आलेली हुशार मुलं रेग्युलेशन्सच्या पेपरात अडकून घरी बसलेली बघितली आहेत.

फ्लोरिडा_रिटर्न
मी पहिल्या फटक्यात पास झालो. अभ्यास केला तर होतंय.

आठवी_गल्ली
अमेरिकेचं बजेट नाही. मेडिकल अजून नाही, कन्सल्टंट म्हणाले अ‍ॅडमिशननंतर करून देतो. आणि मी भावा नाही, ताई आहे. धाकट्या भावासाठी विचारतेय, तो १८ चा आहे.

लॉगबुक
ताई, मेडिकलच्या आधी एक रुपया देऊ नका. एक रुपयासुद्धा. आधी क्लास टू होतं, ते डीजीसीएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतले डॉक्टर करतात. डोळे, कान, रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे. मग क्लास वन. सीपीएलला क्लास वन लागतंच. चष्म्यामुळं सहसा अडत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर मोठी अडचण होते, आणि तो दोष मुलाला स्वतःला कधी जाणवलेलाही नसतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे नऊ लाख भरून झाल्यावर हे कळलं. त्याचे वडील ऑफिसात माझ्यासमोर पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, ते मी विसरलेलो नाही.

दुसरं, बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही आहेत ना?

एनडीए_ध्यास
इतके लाख घालवण्यापेक्षा एनडीए द्यायला सांगा. हवाई दलात सरकार शिकवतंय, पगार आहे, मान आहे. कोल्हापूरच्या मातीतली पोरं मैदानावर कुठंही कमी पडत नाहीत.

पंचगंगाकाठ
चांगला रस्ता आहे, पण त्यांनी तो विचारलेला नाही.

आठवी_गल्ली
बारावी सायन्स आहे. अकरावीला त्यानं गणित सोडून बायो घेतलं होतं, तेव्हा नीटचं डोक्यात होतं. हे मी कन्सल्टंटना विचारलं होतं, ते म्हणाले चालतं, नंतर बघू. चालत नाही का?

लॉगबुक
नाही चालत. डीजीसीएची अट बारावीला फिजिक्स आणि गणित अशी आहे. फसवणूक कुठं होते ते नीट समजून घ्या. स्टुडंट पायलट लायसन्सला दहावी पुरते. म्हणजे संस्था तुमच्या भावाला आत घेऊ शकते, विमानात बसवू शकते, तासांचे पैसे लावू शकते. पुढं सीपीएलच्या अर्जापाशी कागद मागितले की मग गणित आठवतं. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या माणसाला तुमचा चेक आत्ता हवाय, बाकी सगळं नंतर.

यावर उपाय आहे, घाबरू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, एकट्या गणिताची बारावीची परीक्षा देता येते आणि डीजीसीए ती धरतं. तो वेळ वाया जात नाही. मेडिकल करून घ्या, नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल यांचा अभ्यास घरी बसून सुरू करता येतो. पासाला ७० टक्के लागतात.

मसाला_दूध
गणिताची अट काढणार आहेत असं पेपरात आलं होतं. आर्ट्स, कॉमर्सवाल्यांनाही परवानगी मिळणार म्हणे. उगाच कशाला परीक्षा द्यायची?

लॉगबुक
प्रस्ताव आहे. नियम बदलून हातात पडत नाही तोवर जुनीच अट. पाच लाख प्रस्तावावर लावणार का?

सांगली_ड्रोन
ड्रोन पायलटचा कोर्स बघा ताई, थोड्या दिवसांत लायसन्स मिळतंय. उसावर फवारणीला लई मागणी आहे, माझ्याकडं शिरोळपासून काम येतंय. माहिती हवी तर मेसेज करा.

गोशिमा_३
मी पालक म्हणून सांगतो, थोडं लांब होईल. माझा मुलगा आता एअरलाइनमध्ये आहे. संस्था निवडायच्या आधी आम्ही बापलेक एका ठिकाणी गेलो, नाव सांगत नाही. माहितीपत्रकात ११ विमानं. ऑफिसात न जाता आधी कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सातला बसलो. अकरापर्यंत किती विमानं वर गेली ते मुलगा वहीत लिहीत होता. दोन. तीच दोन, आलटून पालटून. मग आत गेलो. हँगरमध्ये एकाचं इंजिनावरचं झाकण काढून खाली गोणपाटावर ठेवलेलं, एकाला पुढचा फिरणारा पंखाच नव्हता, एकाच्या टायरातली हवा गेलेली आणि सीटवर धुळीत बोटानं कुणीतरी नाव लिहिलेलं. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर १५-१६ पोरं गणवेशात, मांडीवर लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, नंबर कधी येतोय याची वाट बघत. त्यातल्या एकाला विचारलं, गेल्या महिन्यात किती तास झाले? म्हणाला, "काका, चार." आकाश निरभ्र होतं, पाऊस नव्हता, काही नव्हतं.

चारच्या हिशेबानं २०० तास म्हणजे ५० महिने. आम्ही तिथूनच गाडी फिरवली.

म्हणून ताई, बेळगाव की जळगाव हा प्रश्नच नंतरचा. उडणारी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, हे तीन आकडे आधी विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी मोजा. जितके तास तितके पैसे अशी पद्धत असेल तरच जा. एकरकमी भरले की तुमची गरज संपली.

पंचगंगाकाठ
यात भर म्हणून सांगतो, डीजीसीए आता वर्षातून दोनदा संस्थांची प्रतवारी लावतं. ऑक्टोबर २०२५ ची पहिली यादी आली तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. १३ बी मध्ये, २२ सी मध्ये. ताजी यादी बघा आणि त्यात तुमच्या दोन्ही संस्था कुठं आहेत ते इथं लिहा.

फ्लोरिडा_रिटर्न
हेच तर मी सांगतोय.

लॉगबुक
सी मध्ये असलेल्या संस्थेतही मन लावून शिकवणारे आहेत, मी पाहिलेत. प्रतवारी बघा, पण मोजणी सोडू नका. हवेचंही बघा. बेळगावला पावसाळ्यात ढग खाली उतरतात, दिवसच्या दिवस उड्डाण होत नाही. जळगावला पाऊस कमी, पण उन्हाळा भाजून काढणारा. नाइट फ्लाइंग संस्थेत होतं का तेही विचारा, रात्रीचे पाच तास आणि दहा लँडिंग लागतात. ३०० नॉटिकल मैलांचा क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, लागतो. हे तास शेवटी राहिले तर मुलं महिनोन् महिने तेवढ्यासाठी अडकतात.

छत्रपती_ताराराणी_चौक
विषयाला सोडून आहे, पण वाटतं म्हणून लिहितो. आपल्या कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा, तो आता धुळ्याला उडवतो. गोंदियाला शाळा, बारामतीला शाळा, अमरावतीला एअर इंडियाची होतेय. इतक्या जुन्या धावपट्टीच्या गावातल्या पोरीबाळींनी मात्र बॅग भरून बाहेर जायचं. आपल्याकडं जागेसाठी, मागणीसाठी कुणी नेटानं पाठपुरावा करायला हवा.

मसाला_दूध
उजळाईवाडीला रोजची प्रवासी विमानं वाढतायत, त्यात शिकाऊ विमानांना वेळ कुठनं मिळणार?

छत्रपती_ताराराणी_चौक
सांबऱ्यालाही प्रवासी विमानं आहेतच की.

पासबुक
पैशाचं कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. कर्ज की स्वतःचे? मी बँकेत आहे. साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाही. घर किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मुलांना पाठवलेलं आहे, ती जाहिरात बघत राहा.

आठवी_गल्ली
सगळ्यांचं वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. गोशिमा काकांचं दोनदा. पैसे उसाचं बिल आणि आजोबांच्या नावचा गडहिंग्लजचा प्लॉट विकून येणार होते. प्लॉटचा व्यवहार थांबवलाय.

कन्सल्टंटना फोन करून विचारलं की गणिताचं चालतं हे ईमेलवर लिहून द्या. म्हणाले, ताई तुम्ही विश्वास ठेवत नाही. लिहून दिलं नाही. मग बाबा स्वतः फोनवर आले आणि शुक्रवारचे पैसे येणार नाहीत म्हणाले.

भाऊ काल रात्री जेवला नाही. त्याला वाटलं मीच खो घातला. आज सकाळी मीच त्याच्यापुढं एनआयओएसची साइट उघडली, गणिताचा अभ्यासक्रम दाखवला, तेव्हा थोडा बोलायला लागला. क्लास टूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊ.

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं मी आणि तो बेळगावला जातोय. सातच्या आत सांबऱ्याला पोचलो तर बरं. वही घेतलीय. नक्की काय काय लिहायचं?

गोशिमा_३
प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळचं व्हीटीनं सुरू होणारं नाव लिहा, म्हणजे तेच विमान परत आलं तर कळतं. समोर वर गेल्याची आणि उतरल्याची वेळ. डोक्यावर काहीतरी घ्या, दहानंतर ऊन लागतंय. ऑफिसात मोजून झाल्यावर जा, आधी नको.

लॉगबुक
आणि बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या पोरांशी भावाला बोलू द्या. तुम्ही ताई म्हणून गेलात तर ती "सगळं छान आहे" सांगतील. त्याला खरं सांगतील.