मदत हवी आहे: मोठ्या काचेच्या फुलदाणीतला पांढुरका थर

हाताने फुंकून घडवलेली, जमिनीवर ठेवायची उंच फुलदाणी आहे. रंग खाली-वर पिवळा, मध्ये लालभडक. सही नाही, लेबल नाही, तळाला पाँटिलची (घडवताना काच तळाशी धरायच्या सळीची) खडबडीत खूण. मला ती अमेरिकेतल्या ब्लेन्को या काच कंपनीची, तिथले डिझायनर वेन हस्टेड यांच्या म्हणजे १९५० च्या दशकातल्या घडणीची वाटते, पण ओळख पटवणं हा मुद्दा आत्ता बाजूला ठेवू.

आतल्या खालच्या भागात पांढुरकी झाक आहे. पांढरं व्हिनेगर रात्रभर भरून ठेवलं, सायट्रिक ॲसिड आणि कवळी साफ करायच्या गोळ्याही वापरल्या. फरक शून्य. आत पाणी असेपर्यंत काच लख्ख दिसते, वाळली की झाक परत हजर! म्हणजे हा क्षार नसून काचच झिजली असावी, असा माझा अंदाज.

मान अरुंद, हात जात नाही. वाळू किंवा तांदूळ घालून हलवायचं नाही, ओरखडे नकोत. तेल लावून झाक लपवणं तर नकोच, विकताना ती फसवणूकच.

तांब्याचे बारीक तुकडे आणि पॉलिश पावडर घालून यंत्रावर फिरवतात, ते एवढ्या मोठ्या आणि असमान जाडीच्या काचेला कुणी करून घेतलंय का? तडा जाण्याचा धोका कितपत?