केप यॉर्कला डिसेंबरात नको
दादा, सोलापूरच्या ग्रुपनं डिसेंबरात केप यॉर्कला जायचा बेत लिहिलाय, तो कृपा करून बदला. ऑस्ट्रेलियाच्या त्या उत्तर टोकाला तेव्हा पावसाळा सुरू होतो, नद्या फुगतात, रस्ते बंद पडतात. आपल्याकडं खरिपाची पेरणी चालते तेव्हा तिकडं कोरडं असतं, जून ते सप्टेंबर धरा.

आपण ओढ्यात गुडघाभर उतरून पाण्याचा अंदाज घेतो, तसं तिथं चुकूनही करू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी नदीत पार आतपर्यंत येतात. वाटेतली जार्डिन नदी गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनंच ओलांडा. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा, ओल्ड टेलिग्राफ ट्रॅक या तिथल्या खडतर कच्च्या वाटेवर गाडी न्यायला बऱ्याचदा मनाई असते. शेंगाचटणी, कडक भाकरी जरूर न्या, पण ऑस्ट्रेलियात उतरताना विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचं सोबत असल्याचं लिहा. लपवलं तर जबर दंड बसतो.