लिऑन ब्रिजेसने आयुष्यभर 'कमिंग होम'च गात राहायचं का?

जुनी_सुई

अमेरिकन गायक लिऑन ब्रिजेसचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: 'पहिला अल्बम काय सुंदर होता, नंतर बिघडला.' मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिऑन टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा. हॉटेलात भांडी घासायचा आणि गावातल्या छोट्या कार्यक्रमांत गिटार घेऊन गायचा. २०१५ मध्ये 'कमिंग होम' हा पहिला अल्बम आला. गावातल्याच स्टुडिओत, जुन्या यंत्रांवर, वादकांना एकत्र बसवून टेपवर उतरवलेला. आवाज, कपडे, मुखपृष्ठ, सगळं १९६३ सालचं. लोकांनी त्याला लगेच सॅम कुकचा, म्हणजे त्या काळच्या गाजलेल्या सोल गायकाचा, वारस करून टाकलं. २०१८ मध्ये 'गुड थिंग' आला. निर्माता रिकी रीड, पॉपमधला. सिंथसायझर आले, नव्वदच्या दशकातल्या आर-अँड-बीचा (रिदम अँड ब्लूजचा) ठेका आला, नाचाची गाणी आली. रुसवेफुगवे तिथून सुरू झाले.

पण लिऑन सॅम कुक ऐकत वाढलेलाच नाही. तो जिन्युवाईन आणि अशर हे आर-अँड-बी गायक ऐकणारा, कॉलेजात नृत्य शिकणारा मुलगा. आईवर 'लिसा सॉयर' हे गाणं लिहिल्यावर कोणीतरी त्याला विचारलं, ही सॅम कुकची प्रेरणा का? तेव्हा कुठे तो सॅम कुककडे वळला. ज्याला आपण त्याचा मूळ आवाज समजतो, ते त्याने मोठेपणी मन लावून शिकलेलं घराणं आहे. आणि ज्याला आपण भरकटणं म्हणतो, ते त्याच्या लहानपणीच्या कानावर पडलेलं संगीत आहे.

२०२१ चा 'गोल्ड-डिगर्स साउंड' शांतपणे ऐका. खालच्या पट्टीत रेंगाळतो, शब्द उशिरा सोडतो, ओळ संपवायची घाई करत नाही. हे २०१५ मध्ये त्याच्या गळ्यात नव्हतं. तेव्हा तो दुसऱ्याच्या काळात गात होता, आता स्वतःच्या वयात गातो. चाहत्यांनी निदान तेवढं त्याला द्यावं.

सातवी_मात्रा

असहमत. लहानपणी कोणी काय ऐकलं यावरून गाण्याची प्रत ठरत नाही. बंधनात राहून शिकलेल्या गोष्टीतच अनेकदा कलाकाराचं सर्वोत्तम बाहेर येतं. 'कमिंग होम'मधलं 'रिव्हर' आठवा. एक गिटार, एक खंजिरी, मागे दोन-चार आवाज. लपायला जागाच नाही, म्हणून गळ्याला सगळं काम करावं लागलं. 'गुड थिंग'मधली निम्मी गाणी त्या वर्षीच्या दुसऱ्या कुठल्याही चांगल्या गायकाला दिली असती तरी चालली असती. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती जुन्या कपड्यांच्या हौसेपोटी केलेली नाही.

दुसरं म्हणजे, निर्माता बदलला की आवाज बदलतो. त्याला सरसकट परिपक्वता म्हणू नये. 'गुड थिंग'मधल्या 'बेट एन्ट वर्थ द हँड'ला ग्रॅमी मिळालं, ठीक आहे. ते मिळालं पारंपरिक आर-अँड-बीच्या गटात, आणि त्या अल्बममधलं जुन्या वळणाच्या सर्वात जवळचं गाणंही तेच.

अनामिक_ठाणे

सातवी_मात्रा, निर्मात्याच्या मुद्द्यावर ॲल ग्रीनचं उदाहरण देते, कारण तिथे उलट घडलं.

मेम्फिसमध्ये निर्माता विली मिचेलच्या रॉयल स्टुडिओत हा सोल गायक घडला. मिचेलने त्याला ओरडण्यापासून परावृत्त केलं आणि हळू, ओठांशी गायला लावलं. 'लेट्स स्टे टुगेदर'चा तो आवाज दोघांनी मिळून घडवला. मग १९७४ ची ती भयंकर रात्र. एका मैत्रिणीने त्याच्यावर उकळती पेज ओतली आणि स्वतःला संपवलं. १९७६ मध्ये त्याने मेम्फिसमध्ये चर्च घेतलं आणि पाद्री झाला. १९७७ चा 'द बेल अल्बम' त्याने मिचेलशिवाय केला, गिटारही स्वतः वाजवली. शीर्षकगीतात तो प्रेयसीला सांगतो की हवी तू आहेस, पण गरज मला त्याची, म्हणजे देवाची आहे. प्रेमगीत आणि भजन एकाच ओळीत भांडतायत, आणि तो त्या भांडणात कुणा एकाची बाजू लपवत नाही.

विक्री आधीसारखी झाली नाही. प्रेमगीतांसाठी आलेल्या श्रोत्याला चर्च नको होतं. १९७९ मध्ये सिनसिनाटीत रंगमंचावरून पडला, तो देवाचा इशारा मानून पुढची कित्येक वर्षं त्याने प्रामुख्याने गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीतच गायलं. इथे कंपनीचा, बाजाराचा कसलाही फायदा नव्हता. तरी चाहते दुरावलेच. म्हणजे चाहत्यांना निर्मात्याचं वावडं असतं हे खरं नाही. त्यांना ते हळू आवाजातलं प्रेमगीत हवं असतं, ते कुणी काढून घेतलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

डेट्रॉइटकर

इथे डेट्रॉइटमध्ये राहतो म्हणून हा विषय अंगाला लागतो. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं ते छोटं घर आता संग्रहालय आहे. खालच्या मजल्यावरचा स्टुडिओ पाहिला की कळतं की इतक्याशा खोलीतून एक ठरीव साचा जगभर गेला. आणि साचा मोडायला सगळ्यात जास्त कोण घाबरलं? श्रोते नव्हेत.

मोटाउनचा गायक मार्विन गेचं उदाहरण घ्या. १९७० मध्ये त्याची सहगायिका टॅमी टेरेल वारली. भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतला होता. फोर टॉप्स या गायकसमूहातल्या ओबी बेन्सनने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलिसांचा मार पाहिला होता, 'व्हॉट्स गोइंग ऑन'चं बीज तिथलं. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डीला ते गाणं काढायचंच नव्हतं. जानेवारी १९७१ मध्ये ते बाजारात आलं आणि लोकांनी उचलून धरलं. मग त्याच गॉर्डीला पूर्ण अल्बम हवा झाला, तो मे महिन्यात आला. 'श्रोता रुसतो' हे या धाग्याचं गृहीतकच मला खटकतं. त्या वर्षी डेट्रॉइटचा श्रोता कंपनीच्या चार पावलं पुढे होता. बदल त्यांच्याच घरातला होता, त्यांचीही मुलं व्हिएतनामला गेली होती.

आता उलटी बाजूही सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे अर्धं राहील. १९७८ च्या अखेरीस आलेला 'हिअर, माय डिअर'. घटस्फोटाच्या तडजोडीत ठरलं की या अल्बमचा पैसा पहिल्या बायकोला, म्हणजे ॲना गॉर्डीला जाईल. ती बेरी गॉर्डीची बहीण. मार्विनने सगळा संसारच गाण्यात मांडला, कोर्टकचेरीसकट. तेव्हा कोणाला तो आवडला नाही. नाचायला गाणं नाही, गुणगुणायला धुन नाही, नुसता एक माणूस दोन तबकड्या भरून स्वतःशी बोलतोय. आज तो त्याच्या मोठ्या कामांत गणला जातो. मला स्वतःला तो वयाच्या पंचविशीत रटाळ वाटायचा, चाळिशीनंतर नाही.

सातवी_मात्रा

डेट्रॉइटकर, सुंदर लिहिलंत. पण नाकारलेली प्रत्येक गोष्ट पुढे रत्न निघत नाही हेही मान्य करा. स्टीव्ही वंडरने १९७२ ते ७६ मध्ये जे केलं त्यापुढे मी हात जोडते. एकविसाव्या वर्षी मोटाउनशी करार संपला तेव्हा स्वातंत्र्य मागून घेतलं, टॉन्टो नावाचा खोलीएवढा सिंथसायझर हाताळला, आणि श्रोता कुठेही मागे राहिला नाही. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी तीनदा! मग १९७९ मध्ये वनस्पतींवरच्या माहितीपटाचं संगीत दुहेरी अल्बम म्हणून आलं, बरंचसं बिनशब्दांचं. लोक गोंधळले. मीही अनेकदा प्रयत्न केलाय, काही तुकडे अप्रतिम आहेत, संपूर्ण वस्तू मात्र उभी राहत नाही. तेव्हाचा श्रोता अडाणी नव्हता. त्याने ऐकलं आणि नाही म्हटलं. तो हक्क काढून घेऊ नका.

बेसवाला

हक्क नाही म्हणायचा हे ठीक. पण 'हो' म्हणणाऱ्या चाहत्यांनी काय केलं तेही बघा.

गायक डीअँजेलो. पहिला अल्बम १९९५ चा 'ब्राउन शुगर'. दुसरा 'व्हूडू', जानेवारी २०००, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत दीर्घकाळ बसून केलेला. क्वेस्टलव्हचे ड्रम्स, पिनो पॅलाडिनोचा बेस. बेस वाजवणारा म्हणून सांगतो, तो अल्बम वाजवायला बसलो की हात अडखळतो. ड्रम्स ठोक्याच्या मागे ओढलेले असतात, बेस त्याहूनही मागे, आणि तरी सम चुकत नाही. जे डिला या हिप-हॉप निर्मात्याच्या तालांचा तो परिणाम. इतकं बारीक काम केलं, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो 'अनटायटल्ड'चा व्हिडिओ, ज्यात तो उघड्या अंगाने गातो. दौऱ्यावर प्रेक्षकांतून शर्ट काढ म्हणून ओरडा व्हायचा. पहिल्या रांगेत कोणी तो ताल ऐकतच नव्हतं. क्वेस्टलव्हने नंतर सांगितलंय की डीअँजेलो शरीराच्या धास्तीने कार्यक्रमाला उशीर करायचा. दौरा संपला आणि हा माणूस दिसेनासाच झाला. दारू, ड्रग्ज, अपघात. पुढचा अल्बम 'ब्लॅक मेसाया' यायला डिसेंबर २०१४ उजाडला.

तो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेला, अवघ्या ५१ व्या वर्षी. तीन स्टुडिओ अल्बम. मला राहून राहून वाटतं, चौदा वर्षांतलं थोडं तरी आपल्या हाती आलं असतं.

सातवी_मात्रा

बेसवाला, डीअँजेलोबद्दल पूर्ण सहमत. पण तिथे चाहत्यांनी बदलाला विरोध केला नव्हता. त्यांनी संगीत ऐकलंच नाही. 'नंतर बिघडला' म्हणणारा निदान ऐकून बोलतो. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

जुनी_सुई

बेसवाला, ते चौदा वर्षांचं वाचून पुढे काही सुचेना.

सातवी_मात्रा, तुमचा फरक बरोबर आहे. तरी लिऑनबाबत माझं म्हणणं सोडत नाही, कारण तिथे बहुतेक लोक ऐकून नाही म्हणत नाहीत, आठवून नाही म्हणतात. 'गुड थिंग'मधलं 'बॅड बॅड न्यूज' घ्या. जॅझकडे झुकलेला बेस, मध्येच सुटलेली गिटार, आणि लोकांनी आपल्याला काय काय म्हटलं ते तो हसत ऐकवतो. ही पॉपची लाचारी आहे का? ख्रुआंगबिन या बँडबरोबरचं 'टेक्सस सन' २०२० मध्ये आलं, त्यात ना १९६३ आहे ना अशर, आणि तरी पहिल्या ओळीला आवाज ओळखू येतो. आणि २०२४ चा 'लिऑन' तर फोर्ट वर्थवरच आहे. त्यातलं एक गाणं 'पँथर सिटी', आणि ते त्या गावाचंच टोपणनाव. तो घरी आला, पण जुन्या मायक्रोफोनमागे उभं राहण्याची गरज त्याला उरली नाही.

अनामिक_ठाणे

यावर एक भर. ॲल ग्रीनही परतला. २००३ मध्ये पुन्हा विली मिचेलबरोबर 'आय कान्ट स्टॉप' केला, जुन्या वळणाचा. लोक खूश झाले. मला तो गोड वाटतो, पण 'बेल'मधली धग त्यात नाही. चाहत्यांनी मागितलेलं त्यांना मिळालं, एवढंच.

सातवी_मात्रा

तुम्हाला धग नको वाटली असती तर तुम्ही 'बेल'लाही नाही म्हटलं असतं, आणि तेही मला चाललं असतं.

जुनी_सुई, 'पँथर सिटी' आत्ता परत लावलं. चांगलं गाणं आहे, मोकळ्या गिटारवरचं, जागा सोडून गायलेलं. 'रिव्हर'मध्ये मला जे आवडलं होतं ते इथे आहे. 'गुड थिंग'बद्दलचं माझं मत मात्र तसंच राहील.